पहिला घास घरधनिणीचा

काफुती : आज पण ते दोरेच का?

ओदिला : दोरे नाहीत ते. स्पॅगेटी. आणि हो, आज पण.

काफुती : नववा दिवस आहे, मासेर, तुम्ही मिशनच्या मुख्य सिस्टर म्हणून सांगते. ती म्हातारी सिस्टर ताटाकडे बघून प्रार्थना म्हणते ना, ती रोज एकेका ओळीनं वाढत चाललीये. काल मला वाटलं, आता अख्खी माळ जपून झाल्यावरच काटा उचलते की काय. आणि ती तरणी, मार्तीन. डोळे मिटून गिळते. आपल्याकडे तापावर कडू कोयनेल घेतात तसं.

ओदिला : त्यांच्यात जेवताना बोलत नाहीत. शांतपणे जेवतात.

काफुती : शांतपणे जेवणं वेगळं आणि गप्प बसून भोगणं वेगळं. तीस वर्षं या मिशनच्या चुलीपुढे बसलेय मी, मला पाठीवरून कळतं.

ओदिला : काफुतीबाई, ऐकून घे. त्या बेल्जियमहून आल्यात. लहान पोरांना वाचायला कसं शिकवायचं, ते आपल्या अकरा मास्तरणींना शिकवायला. दोन आठवड्यांसाठी. त्यातल्या नऊ दिवसांत ना कुणाला ताप, ना कुणाचं पोट बिघडलं. का? तर डबा फोडला, पाणी उकळलं, वाढलं. राहिलेले पाच दिवस असेच जाऊ देत.

काफुती : पोट बिघडायला आधी पोटात काहीतरी जावं लागतं.

ओदिला : आणि ते पान का हलतंय?

काफुती : कुठलं?

ओदिला : कोपऱ्यात, टोपलीवरचं. इथे वारा नाहीये.

काफुती : हां, ते होय. बिंझो आहेत त्यात.

ओदिला : इथे? जिवंत?

काफुती : मेलेल्या अळ्या कुणी देतं का मिशनला? काल म्हाताऱ्या मुकांजानं, रानाच्या मुखियानं, अळ्या वेचायला रान मोकळं केलं. पहिली टोपली त्याची, दुसरी मिशनची. ही घंटा टांगली त्या वर्षापासून असंच चालू आहे. तुम्हाला ठाऊक नसल्यासारखं तोंड करू नका. याच गावात जन्मलात तुम्ही, शहरात नाही.

ओदिला : मास्तरणींना कर. मागच्या पडवीत वाढ. टेबलावर नको.

काफुती : आणि टेबलावरच्यांनी काय घोडं मारलंय?

ओदिला : टेबलावर पाहुण्या असतात.

काफुती : पाहुण्यांना द्यायचं नाही तर मग रांधायचं कशाला? मासेर, एक सांगू? त्या घाबरायच्या नाहीत. तुमच्याच पंथाच्या आहेत. तुम्हीच तर बेल्जियमहून लिहायचात तुमच्या आईला, माझ्या मावशीला. बिंझो पोचले, इथल्या सिस्टर बोटं चाटून खातात, पुढच्या खेपेला जास्त पाठव. धर्म शिकवणारा कॅटेकिस्ट पत्रं वाचून दाखवायचा. मावशी त्याला तीन-तीनदा वाचायला लावायची. बिचाऱ्याचा घसा बसायचा.

ओदिला : जुन्या गोष्टी आहेत त्या.

काफुती : जुन्या असल्या म्हणून काय झालं? सात वर्षं होतात तुम्ही तिथे. सात डबे गेले. दुधाच्या पावडरचे डबे, झाकणाला मेण लावलेलं. फादर सुट्टीवर निघाले की मावशी त्यांच्या पेटीवर बसून राहायची, डबा आत गेल्याशिवाय उठायची नाही. झाडावर चढायची मी, म्हणून सांगते. दोनदा पडले. हे बघा, इथे. अजून थंडीत दुखतं.

ओदिला : याया.

काफुती : काय? आज चक्क थोरली बहीण म्हणून हाक?

ओदिला : त्यांनी खाल्ले नव्हते.

काफुती : कुणी?

ओदिला : तिथल्या सिस्टरांनी. पहिला डबा स्वयंपाकघरात उघडला. माझ्यासमोर. स्वयंपाकाची सिस्टर किंचाळली. तिला वाटलं, वाटेत डब्याला कीड लागली. चिमट्यानं उचलून तिनं तो चुलीत घातला आणि मग मला जवळ घेतलं. फार प्रेमळ होती ती. म्हणाली, काय गं हे, तुझ्या आईची भेट, आणि सगळी किडली. होतं तरी काय त्यात?

काफुती : मग तू काय सांगितलंस?

ओदिला : शेंगदाणे.

काफुती : शेंगदाणे.

ओदिला : हो.

काफुती : आणि राहिलेले सहा?

ओदिला : फादर तिकडे उतरून डबे पोस्टात टाकायचे, ते मी पोस्टातूनच परस्पर आणायचे. मठाच्या बागेत मागे भिंत होती. तिथे पुरायचे.

काफुती : डब्यासकट?

ओदिला : डब्यासकट.

काफुती : एकसुद्धा खाल्ली नाहीस? पुरायच्या आधी? एक?

ओदिला : तोंडाला वास आला असता. आम्ही बारा जणी एका खोलीत निजायचो.

काफुती : खेंडा. मासेर नाही म्हणत आता, तुझं घरचं नावच घेते, रागव हवं तर. परत आलीस त्या दिवशी मावशीनं भांडंभर रांधलं होतं. मी स्वतः तेल घातलं होतं. तू म्हणालीस, पोटाला सोसत नाही, तिथल्या डॉक्टरनं मना केलंय. त्याला एकोणतीस वर्षं झाली. ते पोट?

ओदिला : पोट चांगलं आहे.

काफुती : मग घरी आल्यावर काय झालं होतं? आईसमोर एक घास घ्यायला?

ओदिला : एक घेतला असता तर थांबले नसते. सात वर्षं जो खात आलाय तो असा तुटून पडत नाही, याया. आईनं ओळखलं असतं.

काफुती : मावशी सगळ्या गावाला सांगत फिरली, त्या थंडीनं माझ्या लेकीचं पोट नेलं. बेल्जियमच्या थंडीला जन्मभर शिव्या घातल्या बाईनं. थंडीचा काही दोष नव्हता.

ओदिला : आता कळलं, टेबलावर का नको ते? मला ती किंकाळी परत ऐकायची नाहीये. माझ्या गावात, माझ्या छपराखाली तर नाहीच नाही.

काफुती : श्श. पायऱ्यांवर कोण आहे? आली. जिची भाषा पुस्तकातून उतरते ती.

ओदिला : टोपली झाक.

गोदेलीव्ह : शांती असो. पाहा, मी तुमच्या उंबरठ्यापाशी आले आहे. मला आत येण्याची मोकळीक असावी.

काफुती : या, या. असं काय, स्वयंपाकघर आहे, गाभारा नाही. मासेर, हिला कुणी शिकवली हो आपली भाषा? ही बोलायला लागली की वाटतं, मोशे दहा आज्ञा घेऊन डोंगरावरून खाली उतरतोय.

ओदिला : तिच्या गावी एक फादर होते. ते शंभर वर्षांपूर्वी इथे राहून गेलेल्या कुणाच्या तरी वहीवरून शिकले. हळू बोल. भरभर बोललं तरच तिला कळत नाही. बसा, सिस्टर गोदेलीव्ह.

गोदेलीव्ह : मी उभीच बरी. भगिनी काफुती, मी तुजपाशी एक विनवणी घेऊन आले आहे. आम्ही स्वदेशी परतल्यावर आमच्या मठात एक मेजवानी होणार आहे. त्या दिवशी तुमच्या देशाचे परंपरागत अन्न रांधावे, असा आमचा मानस आहे. तरी त्या पदार्थाची कृती मला सांग. मी वही आणली आहे.

काफुती : कुठल्या पदार्थाची?

गोदेलीव्ह : स्पॅगेटीची.

ओदिला : सिस्टर…

गोदेलीव्ह : आमच्या देशीही त्या नावाचा पदार्थ आहे. परंतु आम्ही तो दहा मिनिटे शिजवतो. तुझा पदार्थ त्याहून फार मऊ, फार गंभीर असतो. तुमच्या पूर्वजांची रीत निराळी असावी. आणि त्यावर तो एकच मासा, मस्तकावाचून, तेलात निजलेला. त्याचा काही अर्थ आहे काय?

काफुती : मासेर, तुम्ही सांगता का मी सांगू? मी सांगितलं तर हसत सांगेन.

ओदिला : तू गप्प राहा. सिस्टर, तुम्हाला असं का वाटलं, की ते आमचं जेवण आहे?

गोदेलीव्ह : सिस्टर मार्तीनने तर्क केला. ते आम्हाला रोज वाढले जाते. मास्तरणींच्या ताटात ते कधी दिसले नाही. म्हणजे ते सणाचे अन्न असणार, आणि तुम्ही ते आमच्यासाठी राखून ठेवले असणार. हे ध्यानी आल्यावर आम्हाला फार लाज वाटली. तेव्हापासून आम्ही ताटात एक धागाही ठेवत नाही.

काफुती : म्हणून ताटं अशी लखलखीत येतात! आणि मी मासेरना म्हणतेय, बघा, आवडायला लागलं वाटतं.

ओदिला : सिस्टर गोदेलीव्ह. ते आमचं नाही. किक्वित शहराच्या बाजारातून मागवलं, मुद्दाम तुमच्यासाठी. तुम्हाला सोसेल म्हणून.

गोदेलीव्ह : आमच्यासाठी?

ओदिला : हो.

गोदेलीव्ह : आणि आम्ही ते तुमच्यासाठी खाल्ले. निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघींनी नेम केला होता, की समोर जे येईल ते नाकारायचे नाही. त्यांचे मन मोडायचे नाही.

काफुती : घ्या! या वाढतायत त्यांच्या मनासाठी, त्या खातायत यांच्या मनासाठी. आणि मधे मी, नऊ दिवस डबे फोडून बोटं कापून घेतेय. माझ्या मनाचं कुणी विचारलं नाही.

गोदेलीव्ह : मग भगिनी, तुम्ही स्वतः काय जेवता?

काफुती : अं… रानात जे मिळतं ते.

गोदेलीव्ह : रानाविषयी मला विचारायचेच होते. आज सकाळी प्रार्थनेनंतर आम्ही दोघी नदीकडच्या वाटेने गेलो. आकाश निरभ्र होते. एक ढगही नव्हता. आणि तरीही वृक्षांखाली पाऊस पडत होता. खचित, मी माझ्या कानांनी ऐकला. पानापानांवर, बारीक, अखंड. आम्ही हात पसरले. हात कोरडे राहिले. भगिनी, मी एकाहत्तर वर्षांची आहे. असे काही मी ऐकले नव्हते. आम्ही होतो तिथेच गुडघे टेकले. सिस्टर मार्तीनला रडू आले.

काफुती : तोंड उघडं होतं का?

गोदेलीव्ह : कोणाचे?

काफुती : वर बघत होतात ना. तेव्हा.

ओदिला : काफुतीबाई!

काफुती : काळजीनं विचारते. सिस्टर, तो पाऊस नव्हता. झाडांवर अळ्या आहेत. एका झाडावर किती ते आम्ही मोजत नाही, फांदी वाकली की समजतो. त्या पानं खातात. दिवसा खातात, रात्री खातात, दुसरं काही करतच नाहीत. आणि जो इतकं खातो त्याला पुढे…

ओदिला : पुरे.

काफुती : लेंड्या होत्या त्या.

गोदेलीव्ह : म्हणजे आम्ही ज्यात गुडघे टेकले…

काफुती : त्यातच.

गोदेलीव्ह : हे सिस्टर मार्तीनला कळता कामा नये.

काफुती : माझ्याकडून नाही कळायचं. पण लाजू नका. आम्हीपण थांबतो तो आवाज ऐकायला. वर्षभर रान गप्प असतं, आणि एक दिवस सुरू होतं. तुमच्यासारखीच आमची एक मावशी होती. तो आवाज आला की वाटेतच उभी राहायची. डोक्यावर लाकडाची मोळी असली तरी उतरवायची नाही. आमच्यातली जी बडबडत असेल तिच्या तोंडावर हात ठेवायची. म्हणायची, गप्प बसा, रान जेवतंय.

गोदेलीव्ह : रान जेवतंय.

काफुती : हां. जेवत्या माणसापुढे मोठ्यानं बोलत नाहीत.

गोदेलीव्ह : ती स्त्री हयात आहे काय? मला तिला भेटायला आवडेल.

काफुती : नाही. या मासेरची आई ती.

गोदेलीव्ह : मदर ओदिला, तुमच्या मातेने हे म्हटले?

ओदिला : हो. माझ्याच तोंडावर असायचा तिचा हात. मी फार बडबडायचे.

गोदेलीव्ह : आणि त्या टोपलीत काय आहे? मघापासून ते पान श्वास घेत आहे.

ओदिला : काही नाही. ते… कामाच्या बायकांचं जेवण आहे.

काफुती : मी जरा चुलीकडे तोंड करते. लाकूड पुढे सारायचंय.

गोदेलीव्ह : केवळ त्यांचे?

ओदिला : हो.

गोदेलीव्ह : तर मग मी त्याला हात लावणार नाही. कष्टकऱ्यांच्या वाट्यातले मागू नये.

ओदिला : थांबा, सिस्टर. नाही. तसं नाही. दुसरी टोपली मिशनची असते. मिशनची मुख्य मी आहे. म्हणजे ती माझी आहे. माझं जेवण आहे ते.

काफुती : सारून झालं लाकूड.

ओदिला : पान काढ, याया. दाखव त्यांना.

काफुती : बघा. भिऊ नका, चावत नाहीत. या काळ्या अंगावर पिवळे ठिपके, लांबट, त्या मुसेंगाच्या झाडावरच्या. बोट लावा. लावा की!

गोदेलीव्ह : मखमल.

काफुती : आणि या हिरव्या, केसाळ, या कमी सापडतात. यांचे केस विस्तवावर जाळायचे. आता हे सगळं धुणार. मग भांड्यात घालणार, पाणी न घालता. त्यांचंच पाणी सुटतं, त्यातच शिजतात. ते आटलं की लाल तेल, कांदा, मिरची, मीठ. बस. जास्त काही केलं तर चव रुसते.

गोदेलीव्ह : यांना पेरतो कोण?

काफुती : कुणी नाही.

गोदेलीव्ह : चारा कोण घालतो?

काफुती : कुणी नाही. पान खातात, अंगानं भरतात, आणि भरल्या की आपणहून झाडावरून खाली उतरतात. आमच्या पायापाशी येतात.

गोदेलीव्ह : पन्नास वर्षे मी मुलांना शिकवत आले, की मोशेच्या लोकांसाठी आभाळातून अन्न पडले आणि त्यांनी ते वेचून खाल्ले. प्रत्येक वर्षी एखादे मूल विचारते, सिस्टर, ते दिसायला कसे होते? मी फळ्यावर पांढरे ठिपके काढत असे.

काफुती : ठिपके पिवळे असतात. आणि आभाळातून पडतं ते वेगळं, सांगितलं ना मघाशी.

गोदेलीव्ह : मदर ओदिला, तुमच्या टोपलीत आम्हा दोघींना वाटा मिळेल काय?

ओदिला : तुमच्या पोटाला…

गोदेलीव्ह : माझे पोट नऊ दिवस त्या मऊ दोऱ्यांशी झगडले आहे. ते आता कोणालाही भीत नाही.

(दुपार. मठाचं जेवणघर. टेबलावर मधोमध एकच मोठं भांडं. चौघी बसल्या आहेत. सिस्टर मार्तीनला भाषा येत नाही.)

काफुती : हा फुफू, कसाव्याच्या पिठाचा. गरम आहे, बोटं सांभाळा. हा अंबाडीचा पाला, आंबट. केळीच्या पानात बांधलेला हा नदीतला मासा, याला डोकं आहे, मुद्दाम ठेवलंय. आणि हे बिंझो. काटे आणलेले नाहीत. शोधू नका.

गोदेलीव्ह : हाताने?

काफुती : देवानं दिलेत ना ते? फुफूचा तुकडा तोडायचा, बोटांत वळायचा, अंगठ्यानं खळगा करायचा, त्या खळग्यात दोन बिंझो उचलायचे. सिस्टर मार्तीन, तुमचा गोळा छान झालाय, पण तो खायचाय, देव्हाऱ्यात ठेवायचा नाहीये.

गोदेलीव्ह : ती म्हणते की तिने असे सुगंधित अन्न कधी पाहिले नाही आणि तिला थोडी भीती वाटते.

काफुती : दोन्ही बरोबर आहे. अहो, थांबा! सिस्टर, हात मागे! मागे घ्या!

गोदेलीव्ह : माझ्याकडून काही पाप घडले काय?

काफुती : पाप नाही. रीत आहे. पाहुण्यानं भांड्यात पहिला हात घालायचा नाही. आधी घरधनिणीनं त्याच भांड्यातला घास घ्यायचा, पाहुण्याच्या डोळ्यांदेखत. म्हणजे पाहुण्याला कळतं, की यात वावगं काही नाही, जे मी खाते तेच तुला देते. त्याच्यानंतर पाहुण्याचा हात.

गोदेलीव्ह : उत्तम रीत आहे. आम्ही थांबतो. सिस्टर मार्तीनलाही सांगते.

ओदिला : मग घे ना तू, याया. तू रांधलंस.

काफुती : रांधलं मी. घर माझं नाहीये.

ओदिला : स्पॅगेटी खाताना नाही आठवली तुला ही रीत.

काफुती : तो डबा ज्या देशातून आला त्यांनी आधी खायचा होता. इथे मी काय करणार?

ओदिला : याया, भरभर बोल, म्हणजे तिला कळायचं नाही. माझा हात पुढे होत नाहीये.

काफुती : फुफू धर. वळायला लागलं की आपोआप होतो.

ओदिला : आणि तुटून पडले तर? पाहुण्यांसमोर?

काफुती : पड. लपवायचं कुणापासून राहिलंय आता? मावशी जाऊन एकवीस वर्षं झाली. मला सकाळीच सांगितलंस. आणि या दोघींनी आज अळ्यांच्या लेंड्यांत गुडघे टेकलेत, त्या कुणाला हसणार?

ओदिला : मी वळायची विसरलेय.

काफुती : बोटं नाही विसरत. बघ. झाला की. आता अंगठा. हां. काळी उचल, ती मोठी.

गोदेलीव्ह : तुम्ही दोघी प्रार्थना म्हणत आहात काय? मला शब्द कळले नाहीत.

काफुती : हो, सिस्टर. प्रार्थनाच. जरा जुनी आहे. आमच्या मासेरना पाठ नव्हती.

गोदेलीव्ह : आमेन.

काफुती : घेतला. बघा, घरधनिणीनं घास घेतला. आता तुमचे हात. घ्या, घ्या, गार झाल्यावर मजा नाही.

गोदेलीव्ह : मदर ओदिलाने डोळे का मिटले आहेत?

काफुती : चव बघतायत. तुम्ही खा.

गोदेलीव्ह : सिस्टर मार्तीन, तू आधी. बरे, मीच.

काफुती : चावा. गिळू नका. कोयनेल नाही ते.

गोदेलीव्ह : थांब, भगिनी. थांब.

काफुती : काय झालं? मिरची लागली? पाणी देऊ? बोला की, सिस्टर. पुस्तकात नसेल तर तुमच्या भाषेत बोला.

गोदेलीव्ह : पुस्तकात नाही. आमच्या भाषेतही नाही. मी शोधते आहे. जणू ते वृक्ष… धूर आणि पान. आणि आत मऊ. जणू रानाचा तो सगळा आवाज एका घासात बसला आहे.

काफुती : म्हणजे आवडलं?

गोदेलीव्ह : भगिनी, मी एकाहत्तर वर्षांची आहे. आता नवीन काही उरले नाही, असे मला वाटू लागले होते.

काफुती : आणि या? मार्तीनबाई? या तर बोलतच नाहीत.

गोदेलीव्ह : तिचा तिसरा घास आहे. ती विचारते, या भांड्यात पुन्हा किती वेळा हात घातलेला चालतो.

काफुती : तळ दिसेपर्यंत. मग तळ पुसायचा फुफूनं, तो मान सगळ्यात धाकट्याचा. म्हणजे यांचाच. सांगा त्यांना. बघा, हसली! नऊ दिवसांत पहिल्यांदा दात दिसले या पोरीचे. हातावरून तेल ओघळतंय, चाटा, चाटा, त्याला हरकत नाही.

गोदेलीव्ह : मला एक गोष्ट समजत नाही. इतके दिवस हे रान तुमच्या दाराशी होते, आणि आम्ही फळ्यापाशी उभ्या राहून तुम्हाला शिकवत होतो.

काफुती : शिकवा की. मास्तरणी खूश आहेत. पोरं वाचायला शिकली पाहिजेत. पण उद्या शिकवून झालं की कपडे जुने घाला आणि माझ्याबरोबर या. मुकांजाला विचारते मी. झाडावर चढायला नाही सांगत, या वयात मीपण नाही चढत. खाली पडलेले वेचायचे. आणि तोंड मिटून वर बघायचं.

गोदेलीव्ह : मी येईन. खचित येईन. सिस्टर मार्तीन मदर ओदिलांना काही विचारत आहे. तिला जाणून घ्यायचे आहे, की तुम्ही लहान होता तेव्हा हे अन्न तुम्हाला प्रथम कोणी भरवले.

काफुती : मासेर, त्या विचारतायत.

ओदिला : हं.

काफुती : पहिल्यांदा कुणी भरवलं म्हणे.

ओदिला : ऐकलं.

काफुती : मग सांगा की. माणसं वाट बघतायत.

ओदिला : सांगते, याया. थांब जरा. तोंडात आहे अजून.